केस तपासायला देण्याआधी: शरीरातले धातू आणि खनिजं शोधण्याची वाट, पायरीपायरीने

गेली अठरा वर्षं मी रक्त-लघवीचे नमुने गोळा करण्याचं काम करते आहे. अलीकडे लोक हातात लिफाफा घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, यात केस भरून पाठवायचेत, तुम्ही कापून द्याल का?" कुणाचे केस गळत असतात, कुणाला सतत थकवा असतो. कुणाचं मूल बोलत नसतं आणि ते आईच्या कडेवर असतं. इंटरनेटवर पैसे भरून मागवलेली ही तपासणी केसांतली तीस-चाळीस खनिजं आणि धातू मोजून देते. लिफाफा पाठवण्याआधी काय करायचं, पाठवलाच तर कसा आणि रिपोर्ट आल्यावर काय, हे मी त्या लोकांना समोर बसवून सांगते. तेच इथे लिहिते आहे.

आधी प्रश्न लिहा

कोरा कागद घ्या. तुम्हाला नेमकं काय कळून घ्यायचंय ते एका वाक्यात लिहा. "माझ्या अंगात काय कमी-जास्त आहे?" हा प्रश्न चालणार नाही, कारण त्याचं उत्तर कुठलीच एक तपासणी देत नाही. "आमच्या बोअरच्या पाण्यात अर्सेनिक निघालं, ते आमच्या अंगात गेलंय का?" हा प्रश्न चालेल. "नवरा बॅटरी दुरुस्तीचं काम करतो, घरातल्या मुलाला शिशाचा त्रास होतोय का?" हाही चालेल. प्रश्नात धातूचं नाव आणि तो कुठून आला असेल याचा संशय, या दोन गोष्टी आल्या की पुढचं सगळं सोपं होतं. अर्ध्या लोकांना इथेच कळतं की आपल्याला केसांची नाही, वेगळीच तपासणी हवी आहे.

केस गळतात म्हणून केस तपासावेत, हे वाटणं साहजिक आहे. पण केसगळतीचं कारण बहुधा केसात सापडत नाही. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा मोठं ऑपरेशन झालं की त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळतात आणि बहुतेकांचे आपोआप परत येतात. तसं काही झालेलं नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची टीएसएच करून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. शरीरातलं लोह फेरिटिनमधून कळतं. केसातल्या लोहाच्या आकड्यावरून ते कळत नाही.

केसाला काय माहीत असतं

केस जळला की जो उग्र वास येतो, तो गंधकाचा. केस केराटिन या प्रथिनाचा बनतो आणि त्यात वजनाने चार-पाच टक्के गंधक असतं. पारा, अर्सेनिक, शिसं या धातूंना गंधकाची ओढ असते. केस मुळाशी तयार होत असताना त्या क्षणी रक्तात जे फिरत असतं, त्यातलं थोडं त्याला चिकटतं. मग केस टाळूबाहेर येतो आणि त्याचा रक्ताशी संबंध तुटतो. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने तो वाढत राहतो. म्हणजे टाळूलगतचे तीन सेंटिमीटर हे गेल्या तीन महिन्यांचं लिखाण, आणि कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक कित्येक वर्षांपूर्वीचं.

या लिखाणाचा खरा उपयोग झालेला आहे. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये पेरणीसाठी आलेलं, मिथाइल पाऱ्याचं बुरशीनाशक चोळलेलं बियाणं खेड्यापाड्यांत दळून त्याच्या भाकऱ्या खाल्ल्या गेल्या. साडेसहा हजार माणसं रुग्णालयात दाखल झाली, त्यातली ४५९ तिथेच गेली. तेव्हा गरोदर असलेल्या बायकांच्या लांब केसांचे नंतर बारीक तुकडे पाडून मोजमाप झालं आणि कुठल्या महिन्यात किती पारा अंगात होता हे कळलं. पोटातल्या बाळावर किती पाऱ्याने काय परिणाम होतो, याचं बरंच ज्ञान त्या केसांनी दिलं. जपानमधल्या मिनामाता इथे १९५६ साली उघडकीला आलेल्या आजारातही मासे खाणाऱ्यांच्या केसात शेकडो पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) पारा सापडला होता.

आता याची दुसरी बाजू. केस बाहेरूनही घेतो. शाम्पू, मेंदी, डाय, बोअरचं जड पाणी, गाडीचा धूर, हातावरची धूळ, सगळं त्याच गंधकाला जाऊन चिकटतं. प्रयोगशाळेत केस अ‍ॅसिटोनने आणि पाण्याने धुतात. पण आतून आलेलं शिसं आणि बाहेरून बसलेलं शिसं धुण्याने नीट वेगळं होत नाही. जोरात धुतलं तर आतलंही निघून जातं. केसांच्या तपासणीची मूळ अडचण ही आहे आणि कितीही महाग यंत्र आणलं तरी ती जात नाही.

कुठल्या धातूसाठी केस, कुठल्यासाठी नाही

मिथाइल पारा, म्हणजे माशांतून येणारा पारा: इथे केस उत्तम. रक्ताच्या साधारण अडीचशे पट पारा केसात साठतो, त्यामुळे मोजणं सोपं आणि अर्थही लागतो. अमेरिकेतल्या पर्यावरण संस्थेने धरलेली सुरक्षित मर्यादा केसात सुमारे १ पीपीएमएवढी येते. कोकणात, गोव्यात रोज मासे खाणाऱ्या घरात कुणी गरोदर असेल तर हे उपयोगी आहे. पण त्यासाठी मासे सोडू नका. पारा साठतो तो मोठ्या, दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या माशांत, मुशीसारख्या. बांगडा, तारली, बोंबील यांच्यात तो कमी असतो आणि बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी भरपूर.

अर्सेनिक, आपल्याकडचं जुनं नाव सोमल: इथेही केस आणि नखं कामाची आहेत, पण अटी घालून. पश्चिम बंगालमध्ये नळकूपाच्या पाण्यातून होणारी अर्सेनिकची बाधा १९८३ साली कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहांनी ओळखली. पुढे त्या पट्ट्यात गावोगाव हजारो लोकांचे केस आणि नखं तपासली गेली. केसात १ पीपीएमच्या वर अर्सेनिक आलं तर पुढे शोध घ्यायचा. अट अशी की त्याच पाण्याने डोकं धूत असाल तर अर्सेनिक बाहेरूनही बसतं. म्हणून आधी पाणी तपासा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. पाणी स्वच्छ निघालं तर तुमचा संशय तिथेच बराचसा मिटतो. पोटात अर्सेनिक जातंय का हे लघवी सांगते. फक्त नमुना देण्याआधी चार-पाच दिवस मासे, कोळंबी, खेकडे बंद ठेवा, कारण त्यांतलं निरुपद्रवी अर्सेनिक आकडा फुगवतं.

शिसं: केस नको, रक्त. याबाबत माझं मत ठाम आहे. लहान मुलांसाठी शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की रक्तात डेसिलीटरला (म्हणजे १०० मिलिलिटरला) ५ मायक्रोग्रॅम आलं की ते कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. सगळे उपचार या रक्ताच्या आकड्यावर ठरतात. केसातल्या आकड्यावर उपचार ठरवण्याचा नियमच नाही.

पाऱ्याची वाफ, म्हणजे सोन्याचांदीच्या कामात किंवा फुटलेल्या थर्मामीटरमधून येणारा पारा: लघवी. कॅडमियम: रक्त आणि लघवी, आणि विडी-सिगारेट ओढत असाल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. तांबं: रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन, गरज पडली तर चोवीस तासांची लघवी. कॅल्शियम, मॅग्नेशियम: रक्त.

जस्ताचं थोडं जास्त सांगते, कारण त्याने भलेभले फसतात. जस्ताची फार कमतरता झाली की केसांची वाढच मंदावते. वाढ मंद झाल्यामुळे थोडंसं जस्तही कमी केसात एकवटतं आणि आकडा नॉर्मल, कधीकधी जास्तही दिसतो. म्हणजे ज्याला खरी कमतरता आहे त्यालाच रिपोर्ट सांगतो की भरपूर आहे. जस्त बघायचं तर सकाळी उपाशीपोटी रक्त द्या, गडद निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये. साध्या ट्यूबच्या रबरी बुचातूनही जस्त उतरतं.

पाठवायचंच ठरलं तर: नमुना

तुमचा प्रश्न माशांच्या पाऱ्याचा किंवा अर्सेनिकचा असेल, डॉक्टरांनीही केस तपासायला सांगितले असतील, तर इथून पुढे नीट वाचा. नमुना चुकला की पैसे वाया जातात.

डाय, मेंदी, स्ट्रेटनिंग, पर्म केलेले केस चालत नाहीत. नवीन, रंग न लागलेला तीन-चार सेंटिमीटर भाग येईपर्यंत थांबा. कोंड्याचा शाम्पू आधी बंद करा. त्यातल्या एका प्रकारात सेलेनियम असतं, दुसऱ्यात जस्त, आणि दोन्ही केसात आयते जाऊन बसतात. केस साध्या शाम्पूने धुवा, पूर्ण वाळू द्या. कापायच्या दिवशी तेल, जेल, काही लावू नका. आपल्याकडे मुलांच्या डोक्यावर तेल थापून आणतात, त्या दिवशी मी नमुना घेत नाही.

कापताना डोकं पुढे वाकवायला सांगा. मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरचे केस घ्यायचे, कारण तिथले केस एकसारखे वाढतात आणि कापलेलं दिसतही नाही. वरचे केस चिमट्याने वर बांधा. खालची पातळ बट बोटांत धरा आणि गंज नसलेल्या स्टीलच्या कात्रीने टाळूला टेकवून कापा. मुळापासून उपटायचं नाही. कापल्या कापल्या टाळूकडचं टोक कुठलं ते धाग्याने बांधून ठेवा किंवा कागदावर बाण काढा. बट हातातून सुटली तर कुठलं टोक जुनं आणि कुठलं नवं हे कुणालाही सांगता येत नाही. मग टाळूकडचे तीन-चार सेंटिमीटर ठेवून उरलेली लांबी कापून टाका.

बहुतेक ठिकाणी पाव ग्रॅमच्या आसपास केस मागतात. ऐकायला थोडे वाटतात, पण तीन-चार सेंटिमीटरच्या केसाचं वजन पाव मिलिग्रॅमच्या आत-बाहेर असतं, म्हणजे हजारभर केस झाले. एकाच जागी कापले तर डोक्यावर चट्टा दिसतो. चार-पाच जागांवरून थोडेथोडे घ्या. केस कागदाच्या लिफाफ्यात ठेवा आणि त्यावर नाव, वय, तारीख, शाम्पू, आणि पाणी नळाचं की बोअरचं हे स्वतःच्या हाताने लिहा.

नावाबद्दल मी इतकी काटेकोर का, तर संगीतकार बीथोवेनच्या केसांची गोष्ट मला विसरता येत नाही. त्याची म्हणून जपलेली एक बट तपासून २००० साली जाहीर झालं की त्याच्या अंगात शिसं होतं. २०२३ मध्ये डीएनए तपासला तेव्हा कळलं, ती बट एका बाईची होती. पुढे २०२४ मध्ये खात्रीच्या दोन बटा तपासल्या, त्यांत खरोखरच ग्रॅमला २५८ आणि ३८० मायक्रोग्रॅम शिसं निघालं. आजच्या माणसात ते चारपेक्षा कमी असायला हवं. पण तेवीस वर्षं जग दुसऱ्याच व्यक्तीच्या रिपोर्टवर बोलत होतं.

लॅब

एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का एवढंच विचारून थांबू नका. मान्यता त्या-त्या तपासणीला असते आणि तिची यादी असते. त्या यादीत "केस" हा नमुना आणि तुमचा धातू आहे का, ते दाखवायला सांगा. केस कुठे तपासले जाणार, इथे की परदेशात, तेही विचारा. आणि जी लॅब रिपोर्टबरोबर स्वतःच्याच गोळ्या विकते, तिथे केस देऊ नका.

एवढी काळजी का घ्यायची? १९८५ मध्ये अमेरिकेत दोन निरोगी किशोरवयीन मुलींचे केस १३ लॅबना नावं बदलून पाठवले गेले. एकाच डोक्याच्या केसांचे आकडे लॅबपरत्वे बदलले, आणि त्याच लॅबला दुसऱ्यांदा पाठवल्यावरही बदलले. २००१ मध्ये एका निरोगी बाईच्या केसांचे सारखे वाटे करून सहा लॅबना दिले. बारा खनिजांच्या बाबतीत सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लहान आकड्याच्या दहापट किंवा त्याहून जास्त होता. आहाराचे सल्लेही एकमेकांच्या उलट आले.

रिपोर्ट हातात आला

रंगीत पट्ट्या असतात. हिरवी, पिवळी, लाल. लाल पट्टी दिसली की पोटात गोळा येतो, मी रोज बघते.

आमच्याच सोसायटीतली एक आई असा रिपोर्ट घेऊन आली होती. मुलगा साडेतीन वर्षांचा, बोलत नव्हता. शिसं लाल, अ‍ॅल्युमिनियम लाल, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही लाल. रिपोर्ट देणाऱ्यांनी नऊ प्रकारच्या गोळ्या-पावडरी लिहून दिल्या होत्या आणि "शिसं उपसायला" सलाईन सुचवलं होतं. बाई रडत होती, म्हणत होती, मीच याला काहीतरी खाऊ घातलं असणार. मी मुलाला जवळ घेतलं तर कानामागे काजळाची जाड तीट, आणि काजळ केसांच्या मुळाशी पसरलेलं. आजी बाजारातली सुटी डबी वापरायची. सुट्या काजळ-सुरम्यात शिसं असू शकतं. घरात आंघोळीला बोअरचं पाणी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचा खुलासाही समोर होता.

बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर मी त्याचं रक्त घेतलं. रक्तातलं शिसं डेसिलीटरला २.१ मायक्रोग्रॅम आलं. काजळ बंद केलं, ते करायलाच हवं होतं. पण मुलाचं न बोलणं शिशाचं नव्हतं. ऐकण्याची तपासणी आणि विकासतज्ज्ञांची भेट यांत सहा महिने उशीर झाला, कारण सगळं घर केसांच्या रिपोर्टमागे धावत होतं. त्या सहा महिन्यांचं मला आजही फार वाईट वाटतं. लहान वयात बोलण्यासाठी तेवढा काळ खूप मोठा असतो.

तर रिपोर्ट आल्यावर प्रत्येक लाल पट्टीसमोर पेन्सिलने दोन गोष्टी लिहा: हे बाहेरून लागलं असेल का, आणि या धातूची खरी तपासणी कोणती. कॅल्शियम-मॅग्नेशियमसमोर बोअर, सेलेनियम-जस्तासमोर शाम्पू, शिशासमोर काजळ, सुरमा, काम. "सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर", "चयापचयाचा प्रकार", "अ‍ॅड्रिनलचा थकवा" असं लिहिलेल्या पानांना वैद्यकात आधार नाही, ती बाजूला ठेवा. खाली आलेल्या पट्टीवरून कमतरता ठरवू नका. मग रक्त किंवा लघवी करा. आकडा तिथेही वाढलेला आला तरच तो खरा.

जे करायचं नाही

केसांच्या रिपोर्टवरून धातू उपसायची औषधं, ज्याला किलेशन म्हणतात, ती घेऊ नका. मुलांना तर नाहीच नाही. ही औषधं खऱ्या विषबाधेत जीव वाचवतात. मुलांच्या रक्तात शिसं डेसिलीटरला साधारण ४५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं की डॉक्टर ती देतात, तीही देखरेखीखाली. पण ती धातूंबरोबर शरीराला हवी ती खनिजंही ओढून नेतात. २००५ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाला अशी शिरेतून औषधं देताना रक्तातलं कॅल्शियम कोसळलं आणि तो दगावला. आधी किलेशनची गोळी देऊन मग लघवी तपासण्याची एक पद्धतही सुचवली जाते. त्या औषधाने निरोगी माणसाच्या लघवीतही धातू वाढतात, त्यामुळे प्रत्येकाचा रिपोर्ट वाईटच येतो. त्यालाही नकार द्या.

गोळ्यांचंही तेच. जस्त महिनोन् महिने जास्त घेतलं तर तांबं कमी होतं, त्यातून रक्तक्षय होतो आणि पायांच्या नसा बधिर होतात. सेलेनियम जास्त झालं तर केसच गळतात आणि नखं तुटतात. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक औषधात चुकून लेबलच्या दोनशेपट सेलेनियम पडलं, तेव्हा दोनशेहून जास्त लोकांना तो त्रास झाला. केस गळतात म्हणून घेतलेल्या गोळीने केस गळावेत, हे मी इथेही पाहिलं आहे.

आणि रक्तात खरंच वाढलेलं निघालं तर

घाबरून उपास, काढे सुरू करू नका. पहिलं काम म्हणजे धातू कुठून येतोय ते थांबवणं. शिशासाठी घर फिरून बघा: सुटं काजळ-सुरमा, लेबल नसलेली भस्मं आणि रसौषधी, फार पिवळीजर्द सुटी हळद, जुना रंग खरवडणं, कल्हईत स्वस्तासाठी मिसळलेलं शिसं, बॅटरीचं किंवा डागकामाचं काम करणाऱ्याचे कपडे. ते कपडे झटकू नका आणि मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका. घरात सगळ्यांचं रक्त तपासा. एकाला आहे तर दुसऱ्यालाही असू शकतं. मुलाला लोह कमी असेल तर ते भरून काढा, कारण लोह कमी असलेलं पोट शिसं जास्त शोषतं. अचानक उलट्या, पोटात कळा, झटके असं काही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. तिथल्या डॉक्टरांना सांगा की दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोनवर सल्ला देतं.

उगम थांबवल्यावर एक ते तीन महिन्यांनी रक्त परत द्या, त्याच लॅबमध्ये, तशाच ट्यूबमध्ये. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येऊ लागतं. हाडात साठलेलं हळूहळू उतरतं, म्हणून तो आकडा एकदम शून्याकडे जात नाही. दोन्ही तारखा आणि दोन्ही आकडे त्या पहिल्या कागदावर, प्रश्नाच्या खाली लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना तोच कागद न्या.